टोपलीकडे कॅमेरा वळवा

मासेमारीवरची कुठलीही चित्रफीत लावा, पहिलं दृश्य ठरलेलं. पहाटेचं पाणी, डोंग्यात उभा असलेला पुरुष, खांद्यावरून सुटून हवेत गोल उघडणारं जाळं आणि मागे बासरी. दृश्य देखणं आहे. खोटंही नाही. पण जाळं हवेत असतं ते दोन-तीन सेकंद. उरलेला दिवस कुठे गेला?

उरलेला दिवस बायकांकडे गेला. तो कॅमेऱ्यात येत नाही, कारण तो देखणा नाही. मासोळी निवडणारे हात हवेत उघडत नाहीत, उधारी वसूल करायला दारोदार फिरणाऱ्या बाईवर सोनेरी ऊन पडत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या, बाईचं काम दाखवायचं तर तिच्याबरोबर दिवसभर चालावं लागतं. इतकं चालायला कॅमेरेवाला तयार नसतो. त्याला नऊ वाजेपर्यंत तलावाची दृश्यं घेऊन परतायचं असतं, आणि बाईचं काम खऱ्या अर्थाने सुरू होतं ते त्याच वेळी.

आधी तो दिवस नीट पाहू. तलावातून निघालेली मासोळी पाळीवर येते. मोठे कटला, रोहू, मृगळ तिथेच तराजूवर चढतात आणि व्यापाऱ्याच्या गाडीत जातात. तो पैसा पुरुषाच्या हातात, नाहीतर मच्छीमारांच्या सहकारी संस्थेच्या खात्यात. बारीक मासोळी, झिंगे, एखादी मरळ, वाघूर हे बाईच्या टोपलीत. टोपली डोक्यावर घेऊन ती गावोगाव निघते, किंवा साकोली, लाखनी, पवनीकडचा आठवडी बाजार गाठते. बाजारात बसायला ओटा मिळाला तर मिळाला, नाहीतर जमिनीवर पोतं. समोर विळी, बाजूला राखेचा ढीग. मरळीसारखा बुळबुळीत मासा राखेत घोळवल्याशिवाय हातात राहत नाही, हे तिला कुणी प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. "कशी देल्ली वो मासोळी?" असं विचारत गिऱ्हाईक येतं, घासाघीस करतं, घेतं, आणि वर सांगतं की खवले काढून, तुकडे करून दे. ते काम भावात धरलेलं नसतं. कल्ले फेकून, मासा धुऊन, पिशवीत बांधून देण्याची मजुरी शून्य. जिल्ह्यातल्या प्रत्येक मासळीबाजारात रोज हे होतं, आणि त्याला श्रम म्हणायला आपण तयार नाही.

दुपारपर्यंत खपली नाही तर भाव पडतो. आंध्रातून बर्फात आलेली मासोळी शेजारच्या दुकानात स्वस्त मिळते, त्यामुळे आणखी पडतो. उरलेलं घरी येतं आणि सुकवायला पडतं. उन्हाळ्यात अंगणात बारीक मासोळी आणि झिंगे पसरून ठेवायचे, कावळा-मांजर हाकलायचं, वळवाचा ढग दिसला की धावत गोळा करायचं. हाच सुका माल पावसाळ्यात, जाळं बंद असताना, घर चालवतो. त्याच दिवसांत ती दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाते. शिंगाड्याचा हंगाम आला की शिंगाडे उकडून विकते. अनेक घरांत चणे-फुटाणे भाजून विकणं हेही पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं बायकांचंच काम. एवढं सगळं करणाऱ्या बाईला सर्वेक्षणाचा माणूस विचारतो, "तुम्ही काय करता?" आणि तिच्या आधी घरातून कुणीतरी उत्तर देतं, "ती घरीच असते."

हा प्रश्न भंडाऱ्यापुरता नाही. 2015 मध्ये मारी क्रिस्तीन मोंफोर या फ्रेंच अभ्यासक बाईंनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी मत्स्यउद्योगातल्या बायकांवर अहवाल लिहिला. त्यातला मुद्दा साधा होता: या धंद्यात राबणाऱ्या दोन माणसांपैकी एक बाई आहे, आणि ती ना आकडेवारीत दिसते ना संचालकांच्या खुर्चीत. पुढच्याच वर्षी मोंफोरबाईंनी काही जणींना बरोबर घेऊन मत्स्यउद्योगातल्या बायकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली, आणि 2017 पासून ती संघटना लघुपटांची स्पर्धा घेऊ लागली. अवघ्या काही मिनिटांच्या चित्रफिती. कुठे शिंपले वेचणाऱ्या, कुठे कारखान्यात मासे कापणाऱ्या, कुठे बाजारात बसणाऱ्या बायका. स्पर्धा नामांकित दिग्दर्शकांपुरती नव्हती, आणि ते योग्यच होतं. ज्या कामाची नोंद नाही, त्याची पहिली नोंद दृश्यात होऊ शकते. अन्न व कृषी संघटनेचा 2024 चा जागतिक अहवाल सांगतो की प्रत्यक्ष मासेमारी आणि मत्स्यपालनात बायका 24 टक्के आहेत, तर प्रक्रियेच्या कामात 62 टक्के. म्हणजे मासा पाण्यात असेपर्यंत चारात एक बाई. तो पाण्याबाहेर आला की दहात सहा. आपले सगळे चित्रपट मासा पाण्यात असेपर्यंतचेच आहेत.

चांगल्या चित्रपटांचंही तेच. सर्वनिक कौर यांचा 'अगेन्स्ट द टाइड' हा मुंबईच्या कोळ्यांवरचा माहितीपट 2023 मध्ये सनडान्स महोत्सवात विशेष ज्युरी पुरस्कार घेऊन आला. मनापासून केलेलं, मोलाचं काम. ते बांधलेलं आहे राकेश आणि गणेश या दोन मित्रांभोवती, कारण समुद्रात तेच जातात. घरातल्या बायका त्यात आहेत, पण गोष्ट बोटीची आहे. बोटीवर गोष्ट घडते आणि बाजारात नुसतं विकलं जातं, अशी आपल्या सगळ्यांची समजूत झालेली आहे. मुंबईतल्या कोळणींनी मंडईतल्या जागेसाठी महापालिकेशी दिलेली झुंज ही गोष्ट नव्हती का? होती. तिच्या बातम्या झाल्या, चित्रपट नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात मात्र कोळीण हमखास असते, कमरेला टोपली लावून नाचणारी. टोपली रिकामीच असते.

दुसरी खोड 'पहिली महिला' शोधण्याची. केरळमधल्या चावक्काडच्या के. सी. रेखा नवऱ्याबरोबर खोल समुद्रात जातात. 2017 मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचा सत्कार केला, देशातली पहिली परवानाधारक मच्छीमार महिला म्हणून त्यांचं नाव सर्वत्र झालं. व्हायलाच हवं होतं, धाडस तसंच आहे. पण बाईने पुरुषाचं काम केलं की बातमी, आणि बाईचं काम बाईने केलं की काहीच नाही, हा हिशेब मला मान्य नाही. बोटीवर चढलेली एक दिसते. किनाऱ्यावर, तलावाच्या पाळीवर, बाजाराच्या मातीत बसलेल्या लाखो दिसत नाहीत. त्यांनी दिसण्यासाठी आणखी काय करायचं?

आता आपल्या तलावांकडे येऊ. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा, हे शाळेतलं पोरही सांगतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, हे नाव आजही घेतलं जातं, आणि घ्यावंच. पुढे मालगुजार आले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले आणि लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' हे नाव रुळलं: माजी मालगुजारी. बांधणाऱ्या पाटलाचं नाव आहे, मालकाचं नाव तलावाच्या नावातच बसलं आहे, कोहळ्यांचं कौशल्य इतिहासात आहे. त्या पाळींवर मातीच्या टोपल्या वाहणाऱ्या बायकांचं नाव कुठेच नाही. तेव्हा कॅमेरा नव्हता, हे कारण चाललं. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

आणि ज्या गोष्टीवर खरोखर चित्रपट व्हायला हवा, ती इथेच घडली आहे. गोंदिया जिल्ह्यातलं निमगाव, तालुका अर्जुनी मोरगाव. 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा होईपर्यंत हे गाव भंडारा जिल्ह्यातच होतं, त्यामुळे ही गोष्ट आपलीच समजायला हरकत नाही. तिथल्या तलावांची दशा इतर शेकडो तलावांसारखी झाली होती. काठावर बेशरम माजलेली. ही वनस्पती नावाला जागते: उपटली तरी उगवते, पाणी खाते, जागा खाते. तलावात सरकारी बीज सोडलं जायचं, कटला-रोहूचं. देशी मासे कमी होत गेले. मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळामार्फत, पुढे 'फीड' या संस्थेमार्फत, या तलावांचा अभ्यास वर्षानुवर्षं केला, आणि तो केला ढिवरांना विचारून. तलाव म्हणजे नुसता पाण्याचा खड्डा नाही, हे त्या अभ्यासाचं सार. पाण्याखाली गवत हवं, तरच मासा अंडी घालेल, लपेल, चरेल. गाळ यंत्राने खरवडून काढला म्हणजे तलाव जिवंत झाला, असं होत नाही. उलट तळातलं बीही गाळाबरोबर ट्रॅक्टरमध्ये निघून जातं.

हे ज्ञान हातांनी अमलात आणलं बायकांनी. निमगावच्या शालू कोल्हे यांनी ढिवर बायकांना एकत्र केलं. बायकांनी बेशरम मुळासकट काढली. उन्हाळ्यात उघडा पडलेला तलावाचा तळ नांगरून घेतला. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सिरॅटोफायलम अशी पुस्तकी नावं असलेल्या देशी पाणवनस्पती आणून चिखलात लावल्या. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधीत वाकून धानाची रोवणी केली, तिला चिखलात रोप कसं धरायचं हे सांगावं लागत नाही. तलावाची रोवणी असं त्या कामाला म्हणता येईल. फरक एवढाच की या रोवणीचं पीक पाण्याखाली येतं आणि वर्षा-दोन वर्षांनी माशाच्या रूपात दिसतं. तलाव सुधारले, देशी मासे परतू लागले, आणि बायका ग्रामसभेत बोलू लागल्या. शेवटची गोष्ट पहिल्या दोनइतकीच महत्त्वाची.

यावर लेख झाले, इंग्रजीत जास्त झाले. पण विचार करा, यात केवढा चित्रपट आहे! मे महिन्यातला फुटलेला तळ. त्यावर नांगर. मग पावसाआधीची लावणी, पहिलं पाणी, पाण्याखाली हलणारं गवत, आणि त्या गवतात मरळीची पिल्लं. पहिल्या पावसापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत एकाच तलावावर कॅमेरा ठेवला, तर जाळं फेकण्याच्या त्या तीन सेकंदांची कुणाला आठवणही होणार नाही. त्यासाठी चित्रपट करणाऱ्याने वर्षभर गावात येत-जात राहायला हवं. एका दिवसाच्या मुक्कामात तलाव कळत नाही.

चित्रपट करणाऱ्यांना माझ्या काही अटी आहेत, आणि मी त्या ठासून सांगणार. पहिली, बासरी नको. आवाज बाजाराचा घ्या, विळीचा घ्या, घासाघिशीचा घ्या. दुसरी, निवेदक नको. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओतला भारदस्त पुरुषी आवाज "या कष्टकरी माउलीची कहाणी" म्हणतो, तेव्हा माउलीच्या तोंडचा घास काढून घेतला जातो. ती बोलते ना. तिची बोली झाडीबोली आहे, ती कळत नसेल तर खाली अक्षरं द्या. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची: तिला हिशेब विचारा. आजवर कॅमेऱ्याने तिला दुःख विचारलं. नवरा पितो का, पोरं शिकतात का, कसं वाटतं. असं विचारलं की ती रडते, आणि चित्रपट चांगला झाला असं करणाऱ्याला वाटतं. त्याऐवजी विचारा: आज किती किलो घेतली? काय भावाने? किती खपली, किती उधार गेली, कोणत्या घरी किती बाकी आहे, उरलेल्याचं काय करणार, सुकवली तर किलोला किती राहते, पावसाळ्यात ती काय भावाने जाईल? ती वही न उघडता उत्तर देईल. चाळीस घरांची उधारी डोक्यात ठेवणारी बाई व्यापारी आहे. तिला व्यापारी म्हणून दाखवा. पडद्यावर पहिल्यांदा तो आकडा येऊ द्या, आणि मग बघा, "ती घरीच असते" म्हणायची हिंमत कोण करतं.

चौथी गोष्ट पैशाची आहे. चित्रीकरणाला बाईला दोन तास थांबवलं तर टोपलीतली मासोळी थांबत नाही, ती खराब होते. ज्यांना तिच्यावर चित्रपट करायचा आहे त्यांनी त्या दिवशीची टोपली भावाने विकत घ्यावी आणि मग कॅमेरा काढावा. परदेशी महोत्सवात प्रवेश शुल्क भरणाऱ्याला टोपलीचे पैसे जड जाऊ नयेत. आणि सगळ्यात बरं म्हणजे कॅमेराच तिच्या मुलीच्या हातात द्यावा. साकोली-लाखांदूरकडच्या कुठल्याही गावात बारावी झालेली, मोबाइल सहज चालवणारी ढिवरांची मुलगी आहे. आईबरोबर ती बाजारात बसलेली आहे. कुठलं गिऱ्हाईक दरवेळी पैसे बुडवतं, हे तिला ठाऊक आहे. बाहेरच्याला जे शोधायला महिना लागेल ते तिच्या घरात रोज घडतं.

तयार झालेला चित्रपट दाखवायचा कुठे? इथे आपल्याकडे जे आहे ते फार थोड्या प्रदेशांकडे असेल. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, रात्रभर नाटक असतं. वडशाच्या नाटक मंडळ्या हंगामभर फिरत असतात, तिकीट काढून हजारो माणसं थंडीत पहाटेपर्यंत बसतात. एवढा जागा, एवढा रसिक प्रेक्षक महोत्सवांना मिळत नाही. नाटकाचा पडदा उघडण्याआधी दहा मिनिटं. एक पांढरं कापड, एक प्रोजेक्टर. त्याच गावातल्या बाईची टोपली, त्याच गावासमोर. पॅरिसमध्ये टाळ्या मिळाल्या तर आनंदच आहे. पण ज्याने सकाळी पाच रुपयांसाठी तिच्याशी हुज्जत घातली, त्याने रात्री तिचा हिशेब पडद्यावर पाहावा, ही टाळीहून मोठी गोष्ट आहे.

आता सरकारकडे वळतो, कारण ओळख मिळाली की तिला कागद लागतो. 22 एप्रिल 2025 ला राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतकऱ्याला मिळणाऱ्या सवलती मच्छीमारालाही मिळाव्यात असा निर्णय. चांगला आहे. त्याआधी 2020 ची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आहे, तिच्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के तर महिलेला 60 टक्के अनुदान. तेही चांगलं. पण मच्छीमार कोण, हे ठरतं कशावरून? तलावाचा ठेका असतो मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेच्या नावे. संस्थेच्या सभासद यादीत जाळं फेकणारे पुरुष. बाई त्या यादीत क्वचित असते. शेतीत जे झालं तेच इथे होणार: सातबारावर नाव नाही म्हणून राबणारी शेतकरीण शेतकरी ठरली नाही, आणि सभासद यादीत नाव नाही म्हणून ढिवर बाई मच्छीमार ठरणार नाही. मग साठ टक्के अनुदान घ्यायला नवरा तिच्या नावाचा अर्ज भरेल आणि ती अंगठा उठवेल, किंवा सही करेल, आणि तलावाच्या कारभारात तिचा शब्द आधी होता तेवढाच राहील.

याहून टोचणारी गोष्ट सहकार कायद्यात आहे. 2013 मध्ये राज्याच्या सहकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि संस्थेच्या समितीवर महिलांसाठी दोन जागा राखीव झाल्या. पण कुठल्या संस्थेत? जिथे महिला सभासद आहेत, तिथे. सभासदच नसतील तर राखीव जागाही नाही. म्हणजे ज्या संस्थांनी बायकांना दारातच अडवलं, त्यांना कायद्यानेही काही करायला लावलं नाही. बायकांना घेतलं तर खुर्च्या द्याव्या लागतील, मग घेऊच नका, असा विचार एखाद्या संस्थेने केला तर तिला रोखणार कोण?

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर हेन्यो म्हणून बायका आहेत. श्वास रोखून समुद्रात बुडी मारायची आणि शिंपले, समुद्री शेवाळ काढायचं, हे त्यांचं काम. 2016 मध्ये युनेस्कोने त्यांच्या परंपरेला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. 2024 मध्ये स्यू किम यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, तो जगभर पाहिला गेला. आपण त्यातली बुडी पाहतो आणि थक्क होतो. पण त्या बायकांची ताकद आणखी एका ठिकाणी आहे: गावच्या मच्छीमार संस्थेच्या त्या सभासद असतात, सभासद असल्याशिवाय त्या पाण्यात काम करताच येत नाही. समुद्रावर त्यांचा हक्क कागदावर आहे. चित्रपट नंतर आला. आपल्याकडे उलट क्रमाने का होईना, दोन्ही व्हायला हवं. चित्रपटाने दार उघडत असेल तर चित्रपट आधी येऊ द्या.

वैनगंगेच्या काठी तर घाई आहे. पवनीजवळ गोसीखुर्दचं धरण झालं, 1988 मध्ये राजीव गांधींनी त्याची पायाभरणी केली, आणि नदीवर जगणाऱ्या ढिवरांचे वाहत्या पाण्यातले डोह जलाशयाखाली गेले. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच पाण्यात येतं. भंडारा शहराजवळ नदीवर इकॉर्नियाचा, म्हणजे जलपर्णीचा, हिरवा थर पसरतो. नदीतला कुठला मासा कधी मिळायचा, कुठल्या डोहात, काय भावाने जायचा, कसा सुकवायचा, हे म्हाताऱ्या बायकांच्या डोक्यात आहे. त्या बोलायला आहेत तोवर कॅमेरा पोचला पाहिजे. सत्तरीतल्या बाईला नदीतल्या माशांची नावं विचारा आणि नुसतं चित्रित करत राहा. संशोधकालाही ती यादी उपयोगी पडेल, आणि तिच्या नातीलाही.

भंडाऱ्यात हे करायला कुणाची परवानगी लागत नाही. 21 नोव्हेंबरचा जागतिक मत्स्यव्यवसाय दिन मंडईच्या हंगामाच्या आगेमागेच येतो. महाविद्यालयांनी मुलींना बाजारात पाठवावं, मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयाने त्या दिवशी हार-तुऱ्याच्या कार्यक्रमाऐवजी अशा दहा चित्रफिती दाखवाव्यात, आणि अधिकाऱ्यांनी भाषण न करता पाहाव्यात. मग त्या चित्रफिती संस्थांकडे जाव्यात.

सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. पुढच्या सभेच्या नोटिशीत मत्स्यव्यवसाय संस्थांच्या सचिवांनी एक विषय वाढवावा: नवीन महिला सभासद. आदल्या संध्याकाळी समाजमंदिराच्या भिंतीवर गावातल्या बायकांची चित्रफीत लावावी. अर्जाचे कोरे नमुने तिथेच ठेवावेत. आणि दुसऱ्या दिवशी सभेत शेअरची रक्कम बाईच्या हातून घ्यावी, पावती तिच्या नावाने फाडावी, नवऱ्याच्या नाही.